गाठीचा शेजार

सर गेले त्यानंतर चार दिवसांनी हॉस्पिटलच्या मीटिंग हॉलमध्ये शोकसभा झाली. टेबलावर हार घातलेला फोटो होता. मी तो लगेच ओळखला. आमच्या अख्ख्या लॅबचा फोटो होता तो, मधे सर आणि दोन्ही बाजूंना आम्ही सात-आठ जण. कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून सरांच्या भोवतीचे सगळे उडवले होते. डाव्या बाजूला एक कोपर तेवढं राहिलं होतं. ते माझं.

अख्खा जन्म ज्या माणसानं "कडा कापू नका, कडा कापू नका" म्हणून आमचं डोकं उठवलं, त्याचा फोटोसुद्धा या लोकांना कडा न कापता लावता आला नाही. आणि वर भाषणं. प्रशासनाचे साहेब म्हणाले, सर म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ होते. याच साहेबांनी त्या चालत्याबोलत्या विद्यापीठाला एका पानाचं पत्र देऊन घरी बसवलं होतं. मग कॅन्सरचे डॉक्टर उठले. म्हणाले, "गाठ परत आली तर नवा तुकडा तपासायचा, हे आम्ही सरांकडून शिकलो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाकडून शिकलात ते मला चांगलं माहीत आहे, डॉक्टर. ती शेवटच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

ती माझी थोरली बहीण, अक्का. तिच्यापर्यंत येतेच. आधी सर.

सर आमचे पॅथॉलॉजिस्ट. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा लॅबमध्ये यायचा, मी त्याचे काप करायची, मेणात बसवायची, केसाहून पातळ पापुद्रा काढून काचेवर चढवायची, रंगवायची. ती काच सर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि कॅन्सर आहे की नाही ते लिहायचे. मी टेक्निशियन. लासूर स्टेशनहून आलेली, बाविशीतली, नोकरी मिळाली म्हणून हवेत असलेली.

सरांनी मला माझ्या नावानं कधीच हाक मारली नाही. मी "लासूर". वॉर्डबॉय "हर्सूल". सर्जन "नाशिक". एकदा ट्रस्टी पाहणीला आले तर त्यांना "या वैजापूर, बसा" म्हणाले आणि ट्रस्टींचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. माणूस कुठून आला हे कळल्याशिवाय त्याच्याशी काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. नाव आईबाप ठेवतात, त्यात माणसाचं काय आहे?

पहिल्याच दिवशी मी त्यांच्या तावडीत सापडले. स्तनातली गाठ आली होती, लिंबाएवढी, भोवती पिवळ्या चरबीचा गोळा. तुकडा ज्या प्लॅस्टिकच्या डबीत घालायचा ती काडेपेटीपेक्षा लहान. तिला आम्ही कॅसेट म्हणतो. गाठीचे काप त्यात नीट बसावेत म्हणून मी भोवतालची चरबी छान तासून काढली आणि बादलीत टाकली. सगळीकडं असंच करतात, मला तसंच शिकवलं होतं. सर मागून आले. काही बोलले नाहीत. हातमोजे चढवले, बादलीपाशी उकिडवे बसले आणि एकेक पिवळा तुकडा चिमट्यानं बाहेर काढायला लागले. साठीला टेकलेला माणूस. तुकडे टिकवायच्या फॉर्मलिनच्या वासानं डोळ्यांतून पाणी गळतंय, पण उठायला तयार नाही.

"लासूर," शेवटी म्हणाले, "चोर पकडून आणलास, शाबास. कुठल्या गल्लीतून आणलास? शेजारी कोण राहतं? दार आतून कुणी उघडून दिलं? ते सगळं तू बादलीत टाकलंस. आता मी नुसत्या चोराचं थोबाड बघू?"

त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. पुढं कळलं की असं वाटणारी मी एकटी नव्हते.

त्यांची पाहण्याची तऱ्हाच उलटी. बाकीचे डॉक्टर काच ठेवली की सरळ गाठीवर जातात, दहा मिनिटांत निकाल. सर कडेपासून सुरू करायचे. गाठीला बाहेरून अख्खी प्रदक्षिणा घालायचे, मग एकेक पाऊल आत. मधोमध पोहोचेपर्यंत माझा जेवायचा डबा गार. खिडकीवर नातेवाईक आरडाओरडा करतायत, सर्जनचे फोनवर फोन येतायत, आणि हे आपले तोंडातल्या तोंडात पुटपुटतायत, "इथं शिपाई दाट आहेत. इथं पांगले. इथं एकही नाही. का नाही रे बाबांनो, कुठं गेलात?"

शिपाई म्हणजे शरीराच्या रक्षणाला धावून येणाऱ्या पेशी, काचेवर बारीक निळे ठिपके दिसतात. गवंडी म्हणजे धागे विणणाऱ्या पेशी. गवंडी येतात जखम बुजवायला, सर सांगायचे, आणि बघता बघता गाठीच्याच पगारावर राहतात, तिच्याभोवती भिंत बांधून देतात. मग बाहेरून शिपाई आले तरी आत शिरायला जागा नाही. गाठ काय करते? आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांतून आपल्याकडं चोरून नळ ओढून घेते. आणि काही शिपाई तर असे निघतात की चोराच्याच ओसरीवर बसून चहा पितात. हे सगळं एका गाठीत सगळीकडं सारखंही नसतं. "एकाच गाठीत चार मोहल्ले असतात," म्हणायचे. "एका मोहल्ल्यात जाऊन आलास आणि म्हणतोस शहर पाहिलं?"

शिकाऊ डॉक्टर मान हलवायचे आणि बाहेर जाऊन नक्कल करायचे. मीही हसले आहे त्या नकलांना. लपवून काय करू.

रविवारी सर लूनावरून चितेगावला जायचे. तिथं पैठण रोडला एक फाटा होता, त्या फाट्याचं चित्र काढायचे. दर सहा महिन्यांनी, त्याच दगडावर बसून, त्याच फाट्याचं. चित्रकला बेताचीच. पण एकेक पान उलटत गेलं की दिसायचं: आधी ज्वारी आणि एक बाभूळ. मग बाभूळ आणि पत्र्याचं शेड. मग बाभळीखाली चहाची टपरी, मग प्लॉटिंगची पाटी, मग बाभळीला टेकवलेला टँकर भरायचा पाइप. कारखाने आले, गाड्या आल्या, विहीर आटली. वही आम्हाला दाखवून विचारायचे, "बाभूळ बदलली का?" आम्ही म्हणायचो, नाही. "मग पहिल्या पानावरची बाभूळ बघून आजच्या बाभळीचं सांगाल का, तिच्या मुळाशी पाणी आहे की नाही?" त्याच वहीत उलट्या बाजूनं काचांची चित्रं असायची, गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीनं काढलेली. एकाच पेशंटची तीन-तीन. पहिली गाठ, औषधानंतरची, परत आलेली. खाली लिहिलेलं: "गाठ तीच. गाव बदललं."

मग तो दुष्काळ आला. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं. तिकडं पैठण रोडला रोज नवीन प्लॉटच्या स्कीमचे झेंडे लागतायत, कमानी उभ्या राहतायत, आणि इकडं शहरात आठवड्याला एकदा नळ. हॉस्पिटल टँकरवर आलं. आता आमच्या कामात पाण्याशिवाय पान हलत नाही. तुकड्यावर रंग चढवला की तो आधी तांबूस दिसतो, साध्या नळाच्या पाण्यात धुतला की निळा होतो. टँकरवाले त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर मुठीनं ओतायचे. त्यानं आमचा रंग खाल्ला. आणि सगळ्यात आधी कोण गायब झालं? शिपाई. निळे ठिपकेच दिसेनात.

गाठ दिसत होती. कॅन्सर आहे हे कुणालाही कळत होतं. दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता. सरांनी सही करायला नकार दिला. टँकर आला की खाली जाऊन उभे राहायचे, ओंजळीत पाणी घेऊन वास घ्यायचे. टँकरवाला म्हणायचा, "साब, पानी है, दवाई थोड़ी है." माझ्याकडून त्यांनी सहा टब भरून घेतले, एक दिवस उघड्यावर ठेवायचे, पावडरचा वास गेला की मगच वापरायचे. तेवढ्यानं भागेना तेव्हा गुलमंडीतल्या घरून लूनाला दोन कॅन बांधून आणायला लागले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, प्यायला भरून ठेवलेलं पाणी. काकूंचा लॅबला फोन यायचा, "आमचा एक कॅन तरी परत पाठवा गं, स्वयंपाक राहिलाय."

प्रशासनाचे साहेब आले. म्हणाले, "डॉक्टर, पेशंटला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही काचा धुताय." त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. सर म्हणाले, "पेशंटच धुतोय मी." साहेबांना कळलं नाही. त्या वेळी मलाही कळलं नाही.

त्याच उन्हाळ्यात अक्काची गाठ निघाली.

अक्का लासूर स्टेशनला अंगणवाडी चालवते. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं. लॅबमध्ये तुकडा मीच घेतला, कडा कापली नाही. सरांनी ती काच गुलमंडीच्या पाण्यानं स्वतः तीनदा धुतली. दुपारभर पाहिली. मग मला बोलावलं. "ये लासूर, बघ. शिपाई किती आहेत बघ. तुझी बहीण भांडतेय आतून." मी पाहिलं. गाठीभोवती निळ्या ठिपक्यांची गर्दी होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस वेडा असला तरी माझा आहे.

रिपोर्ट इंग्रजीत असायचा. पण शेवटी, सहीच्या खाली, सर हिरव्या शाईनं दोन ओळी मराठीत लिहायचे. प्रत्येक रिपोर्टवर, हातानं. आज शेजार कसा दिसला ते आणि पुढं काय करावं ते. बाकीचे डॉक्टर चिडायचे. नाशिक, म्हणजे आमचे सर्जन, एकदा माझ्यासमोर म्हणाले, "मला गाठ सांगा हो, गावगप्पा नकोत. आणि इंग्रजी रिपोर्टवर मराठी कशाला? शोभत नाही." सर म्हणाले, "ज्याचं अंग आहे त्याला एक तरी ओळ वाचता यावी. बाकी सगळं तुमच्यासाठीच लिहिलंय की."

मग हॉस्पिटल वाढलं. नवी इमारत, काचेचं दार, रिसेप्शनला टाय लावलेली मुलं. रिपोर्ट कॉम्प्युटरवर आले. रकाने ठरलेले: गाठ कुठली, किती मोठी, कितव्या पायरीची. शेजाराला रकाना नाही. सरांनी तीन अर्ज केले, एक रकाना द्या म्हणून. उत्तर आलं, सॉफ्टवेअर बाहेरून घेतलंय, बदलता येत नाही. सर छापील रिपोर्टवर हिरव्या शाईनं लिहीत राहिले. नोटीस आली. लिहीत राहिले. मग ते एका पानाचं पत्र आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला रंगीत पेन्सिली दिल्या, वही नेली आणि लूनाला किक मारून गेले. निरोप समारंभ नाही, नारळ नाही. एका मेल्यानं गेटपर्यंत येऊ नये? मी गेले होते, म्हणून सांगते.

आता माझं पाप सांगते. सरांची नोकरी गेल्यावर जुने रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये चढवायचं काम निघालं. सात वर्षांचे गठ्ठे. ते माझ्या गळ्यात मारलं. स्कॅन केलेलं पान नव्या चौकटीत बसत नव्हतं, खालची दोन बोटं जास्त व्हायची. आयटीवाला म्हणाला, "मॅडम, खालून क्रॉप करा ना, तिथं काहीच नसतं." काहीच नसतं म्हणे. तिथं सरांच्या ओळी होत्या. आणि मी कापल्या. दोनेकशे रिपोर्ट झाल्यावर हात आपोआप चालायला लागला. डोळ्यांनी हिरवं दिसत होतं आणि मी कापत होते. घरी जायला उशीर होत होता, एवढंच मनात होतं. मूळ कागद रद्दीत गेले. त्या गठ्ठ्यात अक्काचाही रिपोर्ट होता. तोही मीच कापला.

ऑपरेशनला तीन वर्षं झाली आणि अक्काच्या गळ्याखालच्या हाडाजवळ परत गाठ आली. हरभऱ्याएवढी. कॅन्सरचे नवे डॉक्टर आले होते, पुण्याहून शिकून आलेले, बोलायला गोड. त्यांनी स्क्रीनवर जुना रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, तीच गाठ आहे, त्याच प्रकारच्या गोळ्या सुरू करू. मी भीत भीत म्हटलं, "डॉक्टर, नवा तुकडा घ्यायचा का?" ते हसले. "ताई, तुम्ही लॅबमध्ये आहात म्हणून वाटतं तुम्हाला. रिपोर्टमध्ये सगळं आहे. तपासणीत उगीच तीन आठवडे कशाला घालवायचे? मावशींना सुई कशाला टोचायची?"

अक्का माझ्याकडं पाहत होती. मला वाटलं, घाबरली असेल.

मला काही सुचेना. अक्काची जुनी काच रुमालात गुंडाळून मी गुलमंडीत गेले. सर कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचे. खिडकीत बसून खालच्या गल्लीचं चित्र काढत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "सर, ही काच एकदा बघा आणि त्या डॉक्टरांना फोन करा. तुमचं ऐकतील."

त्यांनी काचेला हातसुद्धा लावला नाही. "ही तीन वर्षांपूर्वीच्या अक्काची काच आहे. आत्ताच्या अक्काचं मी यावरून काय सांगू? मधे औषध झालं, वय झालं, तीन उन्हाळे झाले. तिथं आज कोण राहतं मला काय माहीत?"

"सर, निदान फोन तरी करा."

"नाही करणार. माझ्या शब्दावर तुकडा घेतला तर उद्या दुसऱ्या बाईचा घेणार नाहीत. रिपोर्टवर लिहिलंय मी. ते वाचा म्हणावं."

मी भडकले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी त्यांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, "तुम्हाला तुमच्या तत्त्वाची पडलीय. माझी बहीण मरायला लागलीय आणि तुम्हाला एक फोन जड झालाय. म्हणूनच तुम्हाला काढलं. बरं केलं काढलं ते." काकू आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. सरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "रिपोर्टवर लिहिलेलं त्यांनी वाचलं की नाही?"

"रिपोर्टवर काही नाहीये, सर."

"मी लिहिलंय."

"होतं," मी म्हटलं. "कापलं."

"कुणी?"

मी काच परत रुमालात गुंडाळायला लागले. त्यांना कळलं. मला वाटलं होतं, आता बादलीच्या दिवशी पडला त्याच्या दहापट पट्टा पडणार. पडला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पेशंटला दिलेली प्रत असते. मग माझ्याकडं काय बसलीस? लासूरला जा."

मी तशीच दुपारच्या गाडीनं लासूरला गेले. अक्का अंगणवाडीतून नुकतीच आली होती. मी तिला सगळं सांगितलं, कापल्याचंही. तिनं ट्रंकेतून एक जुनी कापडी पिशवी काढली. आत कागद होता. मी हात पुढं केला तर तिनं पिशवी मागं घेतली.

"तुझ्या हातात नाय देणार मी," ती म्हणाली. "मीच येते उद्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांच्या केबिनमध्ये. अक्कानं पिशवीतून कागद काढला, टेबलावर पसरला, तळहातानं घड्या मोडल्या. डॉक्टरांनी वरचं इंग्रजी पाहिलं. "हो मावशी, हाच रिपोर्ट माझ्याकडे कॉम्प्युटरवर आहे."

"हाच नाय," अक्का म्हणाली. "तुमच्याकडं आखूड हाय." आणि तिनं हिरव्या ओळींखाली बोट ठेवलं. अंगणवाडीत पोरांना वाचून दाखवते तसं, शब्द शब्द सुटा करून वाचलं: "गाठीभोवती आज शिपाई दाट आहेत. हा शेजार आजचा आहे. पुढे गाठ परत आली तर या कागदावर विसंबू नये. नवा तुकडा घेऊन नव्याने तपासावे."

डॉक्टर म्हणाले, "हे आमच्या सिस्टिममध्ये नाही."

"मग त्यात घाला की. मला तर तीन वर्सांपासून पाठ हाय हे. त्या दिवशी तुम्ही जुन्याच गोळ्या म्हणलात, मला वाटलं तुम्ही हे वाचून म्हणताय. शिकलेली माणसं तुम्ही. अन् ही माझी बहीण तर तिथंच कामाला." ती माझ्याकडं वळली. "तुला बी मी विचारलं नाय. म्हणलं, हिला माहीत नसंल व्हय?"

मी खाली मान घातली. डॉक्टरांनी हिरव्या ओळी स्वतः वाचल्या, फॉर्म ओढला आणि तुकडा काढायचं लिहिलं. माफी बिफी काही नाही. पण लिहिलं.

लॅबमध्ये तुकडा मी घेतला. कडेसकट. रंगवला, धुतला, काच केली. तपासण्या झाल्या. निकाल आला: पहिल्या गाठीला ज्या गोळ्या लागू पडत होत्या त्या या गाठीला आता लागू पडणारच नव्हत्या. जुन्या कागदावर गेलो असतो तर अक्का महिनोन्महिने फुकटच्या गोळ्या गिळत बसली असती आणि गाठ वाढत राहिली असती. औषध बदललं. अक्का आजही आहे. बरी-वाईट आहे, थकते, पण आहे. अंगणवाडीत जाते.

निकाल आला त्या दिवशी मी नवी काच घेऊन गुलमंडीत गेले. अक्का खाली रिक्षात बसली होती, तिला जिना चढवत नव्हता. सरांकडं स्वतःचा जुना सूक्ष्मदर्शक होता, खिडकीत उजेडाला ठेवलेला. मी आधी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी बोलले ते..." त्यांनी हात हलवून गप्प केलं. काच ठेवली. कडेपासून सुरू केलं. मी उभी राहिले, पाय दुखेपर्यंत.

"भिंत बांधलीय," म्हणाले. "या अंगाला शिपाई आहेत, पण बाहेरच ताटकळतायत. त्या अंगाला कुणीच नाही. मधल्या भागात अजून भांडतायत थोडे. लासूर, हे पहिलं गाव नाही राहिलं." मग वही काढली, चित्र काढलं, जुनं चित्र शोधलं आणि दोन्ही घेऊन स्वतः जिना उतरले. गुलमंडीच्या त्या गर्दीत, रिक्षाच्या शेजारी उभं राहून त्यांनी अक्काला दोन्ही चित्रं समजावून सांगितली. मागून गाड्या हॉर्न वाजवतायत, रिक्षावाला म्हणतोय "चाचा, जल्दी करो," आणि हे सांगतायत, शिपाई कुठं होते, आता कुठं आहेत. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग नवा रिपोर्ट पुढं केला.

"सर, याच्यावर बी लिहा."

"बाई, मला आता सहीचा अधिकार नाही."

"सही कशाला पायजे? ओळ लिहा."

सरांनी खिशातून पेन काढलं. रिक्षाच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. नोकरी गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता.

शोकसभा संपल्यावर चहा होता. डॉक्टर अक्काजवळ येऊन म्हणाले, "मावशी, सर खूप मोठे होते." अक्का म्हणाली, "व्हय. रकाना दिला का मग त्यांचा?" डॉक्टर म्हणाले, सॉफ्टवेअर बाहेरून घेतलंय.

रकाना नाहीच. अजून नाही. म्हणून आता खिडकीवर रिपोर्ट द्यायचं काम मी मागून घेतलंय आणि प्रत्येक नातेवाइकाला तोंडी सांगते: हा कागद आजचा आहे, पुढं गाठ परत आली तर यावर विसंबू नका, नवा तुकडा तपासा म्हणून डॉक्टरांना विचारा. रिपोर्टमध्ये नसलेलं काही पेशंटला सांगू नये, असा मला मागच्या महिन्यात मेमो आला. मेमो इंग्रजीत आहे. मला तो वाचता आला नाही, असं मी मराठीत लिहून दिलंय.